छाटणी थांबल्यावर शेपटीचे काय करायचे: एका जातिमानकाच्या फेरलेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण युरोपातील एका राष्ट्रीय जातिसंघाचे आहे. संघ, कुत्र्याची जात आणि संबंधित व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. जात मध्यम ते मोठ्या आकाराची, आखूड केसांची, पूर्वी गुरे हाकण्यासाठी आणि राखणीसाठी पाळली जाणारी. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच पिल्लांच्या शेपट्या छाटण्याची प्रथा त्या जातीत कित्येक पिढ्या चालत आलेली होती. जातिमानकात, म्हणजे जातीचे आदर्श रूप वर्णन करणाऱ्या संघाच्या लेखी निकषांत, शेपटीविषयी एकच वाक्य होते: शेपटी उंच बसलेली, आखूड छाटलेली आणि सतर्क असताना पाठरेषेच्या वर धरलेली असावी. डोके, दातांची ठेवण, छाती, पुठ्ठा (कमरेमागचा, शेपटीच्या मुळापर्यंतचा भाग) आणि रंग यांच्यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करणाऱ्या त्या मानकाला शेपटीसाठी याहून अधिक लिहिण्याची गरज कधी वाटली नव्हती. त्यात आश्चर्यही नव्हते, कारण दोन-तीन मणक्यांच्या खुंटाविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नसते.

कायद्याचे वारे मात्र बरेच आधीपासून वाहत होते. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठीचा युरोप परिषदेचा करार 13 नोव्हेंबर 1987 रोजी सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या दहाव्या कलमाने केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवल्या: शेपटी छाटणे, कान कापणे, आवाज बंद करणे, नख्या किंवा दात काढणे. शेपटीच्या मुद्द्यापुरता अपवाद नोंदवून करारात सामील होण्याची मुभा देशांना होती, त्यामुळे प्रत्येक देशाने आपापल्या गतीने पाऊल टाकले. स्वीडनमध्ये 1989 पासून बंदी आहे, जर्मनीत 1998 पासून. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 मध्ये बंदी आली, पण प्रमाणित कामाच्या कुत्र्यांना सूट मिळाली. स्कॉटलंडने त्याच वर्षी सरसकट बंदी घातली आणि 2017 मध्ये कामाच्या स्पॅनिएल व हंट-पॉइंट-रिट्रीव्हर (सावज शोधणाऱ्या, दाखवणाऱ्या आणि आणून देणाऱ्या) शिकारी जातींसाठी शेपटीच्या टोकाकडील एक तृतीयांशापर्यंतच्या छाटणीला परवानगी दिली. अमेरिकेत छाटणी आजही कायदेशीर आहे आणि तिथल्या कित्येक जातिमानकांत छाटलेली शेपटीच वर्णिलेली आहे.

आपल्या जातिसंघाच्या देशातही बंदी आली. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या कुत्र्याची शेपटी छाटलेली असल्यास त्याला प्रदर्शनात उतरवता येणार नाही, असाही नियम झाला. मानकातील ते एकमेव वाक्य अशा रीतीने बेकायदेशीर कृतीचे वर्णन ठरले.

प्रश्न

बंदीनंतरची पहिली काही वेते मोठी होऊन प्रदर्शनाच्या रिंगमध्ये आली, तेव्हा परीक्षकांची पंचाईत झाली. एकाच वेतातील तीन भावंडांपैकी एकाची शेपटी तलवारीसारखी किंचित वाकून मागे जाणारी, दुसऱ्याची विळ्यासारखी वर वळलेली, तर तिसऱ्याची पाठीवर पूर्ण वेटोळे घातलेली. एका परीक्षकाने जिला पहिला क्रमांक दिला, तीच कुत्री पुढच्या प्रदर्शनात दुसऱ्या परीक्षकाने ‘उत्तरेकडच्या स्पिट्झसारखी दिसते’ (स्पिट्झ म्हणजे पाठीवर वळलेल्या शेपटीच्या जाती) असा शेरा मारून शेवटी ठेवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघांच्याही हातात निकष नव्हता.

ही विविधता अचानक कुठून आली, हा प्रश्न सभासदांना पडला होता. खरे तर ती आली नव्हती, होतीच. कुत्र्याच्या कण्यात कमरेचे सात मणके, एकमेकांत सांधलेले त्रिकास्थीचे (कंबर आणि शेपटी यांमधल्या हाडाचे) तीन आणि त्यापुढे शेपटीचे साधारण वीस मणके असतात. शेपटी कशी धरली जाईल हे त्रिकास्थीचा कल, शेपटी जिथून निघते ती जागा, शेपटी उचलणाऱ्या व खाली ओढणाऱ्या स्नायूंचा ताण, मणक्यांची ठेवण आणि कुत्र्याची त्या क्षणीची मनःस्थिती या सगळ्यांवर ठरते. छाटणीनंतर यांतले पहिले दोन-तीन मणकेच उरत आणि परीक्षक तेवढ्यावरून ‘शेपटी छान उभी आहे’ असा निर्वाळा देई. उरलेले सतरा-अठरा मणके पुढे कोणत्या दिशेला वळले असते, हे कोणीही पाहिले नव्हते. म्हणूनच त्यांच्या बाबतीत निवडही झाली नव्हती. उलट, ताठ उभ्या खुंटाला बक्षिसे मिळत गेल्याने पिढ्यान्पिढ्या उंच बसणीची (शेपटी वरच्या जागेतून निघण्याची) आणि वर खेचणाऱ्या स्नायूंची निवड होत राहिली. तो खुंट ज्या शेपटीचा आरंभ होता, ती पूर्ण वाढल्यावर पाठीवर वळणे स्वाभाविकच होते. मानक ज्याला जातीचे लक्षण म्हणत होते, त्याचा निम्मा भाग रक्तातून येत होता आणि निम्मा कात्रीतून.

समोर असलेले पर्याय

संघाने पाच जणांची समिती नेमली: एक ज्येष्ठ ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करणारी) अध्यक्षा म्हणून, आणखी दोन ब्रीडर, एक परीक्षक आणि एक पशुवैद्यक. प्रस्तुत लेखकाला समितीची टिपणे आणि मसुदे पाहता आले. पुढील मांडणी त्यांवर आधारलेली आहे.

पहिला प्रस्ताव कायद्यातच सूट मिळवण्याचा होता. कामाच्या कुत्र्याची शेपटी काट्याकुट्यांत फाटते, हे त्यामागचे कारण. पशुवैद्यकाने येथे दोन ब्रिटिश अभ्यास पुढे ठेवले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या 1,38,212 कुत्र्यांपैकी शेपटीच्या दुखापती 281 आढळल्या, आणि एक दुखापत टाळण्यासाठी सुमारे 500 कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील असा हिशेब निघाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला स्कॉटलंडचा अभ्यास वेगळे चित्र दाखवत होता. शिकारीच्या एका हंगामात काम केलेल्या 2,860 कुत्र्यांपैकी 13.5 टक्क्यांना शेपटीची किमान एक दुखापत झाली होती आणि न छाटलेल्या स्पॅनिएलमध्ये हे प्रमाण 56.6 टक्के होते. दाट झुडपांत शेपटी वेगाने हलवत घुसणाऱ्या शिकारी कुत्र्यांसाठी युक्तिवादात तथ्य आहे, हे समितीने मान्य केले. पण या जातीची बहुतेक कुत्री घरी आणि प्रदर्शनात राहत होती, त्यामुळे स्पॅनिएलच्या जखमांचा दाखला तिच्यासाठी देणे प्रामाणिक ठरले नसते. हा प्रस्ताव तिथेच संपला, आणि माझ्या मते समितीचा तो सर्वांत स्वच्छ निर्णय होता.

दुसरा पर्याय जन्मतःच आखूड शेपटी आणण्याचा होता. टी नावाच्या जनुकातील एका बदलामुळे काही जातींत, उदाहरणार्थ पेम्ब्रोक वेल्श कॉर्गीत, निसर्गतः आखूड शेपटी येते. 1990 च्या दशकात ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ ब्रूस कॅटनॅक यांनी कॉर्गी आणि बॉक्सर यांचा संकर करून, पुढच्या पिढ्या पुन्हा बॉक्सरशीच जुळवत आखूड शेपटीचे बॉक्सर तयार केले होते. काही पिढ्यांतच ती कुत्री दिसायला पुरती बॉक्सर झाली, त्यामुळे मार्ग शक्य होता यात शंका नव्हती. अडचण पुढची होती. या बदलाच्या दोन प्रती मिळालेला गर्भ जगत नाही, म्हणून दोन आखूड शेपटीच्या कुत्र्यांची जोडी लावली की सरासरी एक चतुर्थांश गर्भ नष्ट होतात. एका प्रतीनेही शेपटीची लांबी सारखी येत नाही, कुठे खुंट तर कुठे अर्धी शेपटी. ज्या वैशिष्ट्याचा कुत्र्याला काही उपयोग नाही, त्यासाठी हा भार दर पिढीत जनुकचाचणी करून वाहायचा का, या प्रश्नावर दोन्ही ब्रीडरांनीच नकार दिला.

उरले तीन मार्ग. ‘छाटलेली किंवा नैसर्गिक’ असे दोन्ही लिहून मोकळे व्हायचे. नुसते ‘नैसर्गिक शेपटी’ लिहून धारणेविषयी, म्हणजे शेपटी कशी धरली जावी याविषयी, गप्प राहायचे. किंवा पूर्ण शेपटीचे वर्णन पहिल्यांदाच नीट करायचे. पहिला मार्ग परदेशी ब्रीडरांना खूश करणारा, दुसरा भांडण टाळणारा. दुसऱ्याच्या बाजूने अध्यक्षांचे म्हणणे वजनदार होते: ज्याविषयी आपल्याला ज्ञान नाही त्याचे आदर्श ठरवू नयेत. परीक्षकाचे उत्तर असे की मानक गप्प राहिले तरी रिंग गप्प राहत नाही. लिखित निकष नसेल तर दर रविवारी कोणीतरी एक अलिखित निकष तयार करील आणि ब्रीडर त्यामागे धावतील. समितीने तिसरा मार्ग निवडला.

आधी पाहणी, मग मसुदा

मसुद्याला लगेच हात घालायचा की आधी कुत्री पाहायची, यावर पहिला खरा वाद झाला. रॉटवायलरच्या आंतरराष्ट्रीय मानकात तयार शब्द होते: शेपटी नैसर्गिक, पाठरेषेच्या सरळ रेषेत, लक्ष देताना, उत्तेजित असताना वा चालताना वर धरली जाऊ शकते, निवांत असताना खाली लोंबू शकते. ते उचलावेत असे एका ब्रीडरचे मत होते. परीक्षकाने हरकत घेतली की दुसऱ्या जातीचा पुठ्ठा वेगळा, म्हणून तिची शेपटीही वेगळी. शब्द उधार आणले तर आपल्या जातीचे शरीर त्या शब्दांत बसवण्याची सक्ती होईल.

म्हणून संघाच्या मेळाव्यांत न छाटलेल्या प्रौढ कुत्र्यांचे चित्रीकरण झाले. प्रत्येक कुत्रे तीन अवस्थांत टिपले गेले: निवांत उभे, दुडक्या चालीत आणि दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून सतर्क. समितीला याचा जो उपयोग झाला तो कोणत्याही चर्चेने झाला नसता. दुडक्या चालीत बहुसंख्य शेपट्या पाठरेषेच्या थोड्या वर, हलक्या बाकात राहत होत्या. तीच कुत्री दुसऱ्या नरासमोर उभी राहिली की निम्म्यांच्या शेपट्या विळ्यासारख्या वळत. पाठीवर टेकणारे पक्के वेटोळे थोड्यांत होते, पण ती सर्व अवस्थांत तशीच राहत. म्हणजे ‘वळलेली शेपटी’ या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी होत्या, एक मनःस्थितीची आणि एक रचनेची. रिंगमध्ये प्रतिस्पर्धी नरासमोर उभ्या कुत्र्याची शेपटी पाहून निकाल दिला तर या दोहोंत फरक करता येत नाही.

पाहणीतून एक अवघड गोष्टही पुढे आली. पक्के वेटोळे ज्यांच्यात दिसले ती बरीच कुत्री एकाच नामांकित नराच्या वंशातली निघाली. त्या नराच्या ताठ खुंटाची वाखाणणी संघाच्या जुन्या अहवालांत पानोपानी आहे. हे निष्कर्ष सभासदांपुढे मांडावेत की नाहीत, यावर समितीने नराचे नाव न घेता फक्त वंशांतील फरकाचा उल्लेख करण्याचे ठरवले. जाणत्यांना ते कळायचे ते कळलेच.

पुठ्ठ्याचा धोका

पहिल्या मसुद्यात लिहिले होते: शेपटी पाठरेषेच्या पातळीत धरलेली असावी, वर वळणे दोष. वाक्य सुटसुटीत होते आणि सर्वांना आवडले. ते मागे घेण्यात आले ते परीक्षकाच्या एका टिपणामुळे, आणि या सबंध प्रकरणात मला तो क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

टिपणाचा आशय असा. शेपटी खाली आणण्याचा ब्रीडरला उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे जास्त उतरता पुठ्ठा असलेली कुत्री निवडणे. त्रिकास्थीचा कल वाढला की शेपटी खाली बसते आणि आपोआप खाली धरली जाते. पण त्याच कलाबरोबर मागच्या पायांची फेकही बदलते; पाय शरीराखाली येतो, मागे पुरेसा जात नाही आणि दिवसभर गुरांमागे दुडकत जाण्यासाठी घडलेल्या जातीची चाल आखडते. शेपटीचे एक वाक्य सुधारताना मागचा अर्धा कुत्रा बिघडवण्याची ती तयारी होती. जुन्या मानकाने याच चुकीची उलट आवृत्ती करून ठेवली होती: ताठ खुंटासाठी सपाट पुठ्ठ्याला बक्षीस दिले होते.

म्हणून नव्या मसुद्यात शेपटीची बसण आणि शेपटीची धारणा ही दोन स्वतंत्र वाक्ये झाली. बसणीचे वाक्य पुठ्ठ्याच्या परिच्छेदात गेले आणि पुठ्ठ्याचा कल चालीच्या गरजेवरून ठरवला गेला. धारणेच्या वाक्यात, शेपटीचे मूल्यमापन चालताना करावे, उभ्या स्थितीत नव्हे, असे स्पष्ट आले. सतर्क असताना विळ्याइतका बाक ग्राह्य, पाठीवर टेकणारे वेटोळे दोष. लांबी मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यापर्यंत.

पशुवैद्यकाने आणखी एक मुद्दा जोडला होता. शेपटी पायांत दाबून चालणारे कुत्रे ‘शेपटी खाली’ म्हणून गुण मिळवून जाऊ नये, कारण ते भीतीचे लक्षण आहे. त्याने 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा हवाला दिला. त्यात यांत्रिक कुत्र्याला कधी लांब तर कधी आखूड शेपटी लावून खऱ्या कुत्र्यांचे वागणे पाहिले गेले. लांब शेपटी हलते की स्थिर आहे यावरून मोठी कुत्री जवळ यायचे की नाही ते ठरवत होती, आखूड शेपटीच्या बाबतीत तसा फरक पडत नव्हता. समितीने हा मुद्दा स्वभावाच्या परिच्छेदात एका ओळीत घेतला.

बाद करायचे की दोष म्हणायचे

पक्के वेटोळे असलेले कुत्रे थेट बाद ठरवावे, अशी मागणी सर्वसाधारण सभेत जोरात झाली. ती ऐकायला शिस्तीची वाटते. पण त्या जातीत सांध्यांच्या आणि हृदयाच्या तपासण्यांमुळे पैदाशीतून आधीच बरीच कुत्री वगळली जात होती. त्यात शेपटीसाठी आणखी एक चाळण लावली असती, तर निरोगी हृदयाचे पण वाकड्या शेपटीचे कुत्रे जाऊन उलट प्रकारचे कुत्रे राहिले असते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय) मानकांतील रूढ सूत्र, म्हणजे दोषाचे गांभीर्य त्याच्या प्रमाणात आणि कुत्र्याच्या आरोग्यावरील परिणामाच्या प्रमाणात मोजावे, हे समितीने येथे लावले आणि वेटोळे बाद न ठरवता दोष ठरवले. दोन पिढ्यांनंतर हा निर्णय पुन्हा तपासावा, अशी अट ठरावात घालण्यात आली.

परदेशात छाटलेल्या कुत्र्यांचा प्रश्न कायद्यानेच सोडवला होता. ती रिंगमध्ये येऊ शकत नव्हती, पैदाशीसाठी मात्र वापरता येत होती.

परिणाम

नवे मानक लागू झाल्यावर परीक्षकांच्या निकालांतील विसंगती कमी झाली, पण लगेच नाही. मजकूर प्रसिद्ध झाला तेव्हा त्यासोबत चित्रे नव्हती आणि ‘हलका बाक’ म्हणजे किती हे ज्याने त्याने ठरवले. त्या तीन अवस्थांच्या चित्रफिती परीक्षकांच्या प्रशिक्षणात आल्यानंतर फरक पडला. उभ्या कुत्र्याची शेपटी हाताने धरून दाखवण्याची हँडलरांची (रिंगमध्ये कुत्रे सादर करणाऱ्यांची) सवय अजून पुरती गेलेली नाही, जरी आता तिचा निकालावर परिणाम होऊ नये.

काही वंशांत वेटोळी झपाट्याने घटली. त्या नामांकित नराच्या वंशात ती घटली नाहीत, कारण त्या कुत्र्यांचे डोके आणि चाल इतकी चांगली होती की ब्रीडरांनी शेपटीकडे काणाडोळा केला. हा समितीच्या ‘दोष, पण बाद नाही’ या धोरणाचा अपेक्षित परिणामच होता, आणि त्याला अपयश म्हणणे चुकीचे ठरेल.

अनपेक्षित गोष्ट दुसरीच घडली. एका प्रदर्शनात चांगल्या गुणांनी जिंकलेल्या नराची शेपटी कोणत्याही प्रसंगी वर उठत नाही, दुसरा नर अंगावर आला तरी निर्जीव लोंबते, अशी तक्रार आली. तपासणीत शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला जुना व्रण आढळला. वळण काढण्यासाठी उचलणारे स्नायू वा स्नायुबंध कापण्याचे प्रकार प्रदर्शनविश्वात अपरिचित नाहीत. मालकाने दारात शेपटी चेमटल्याचे सांगितले. ते खोटे ठरवण्याचे साधन संघाकडे नव्हते, खरे ठरवण्याचेही नव्हते. निकाल कायम ठेवून संघाने पुढील नियम केला: शेपटीवरील कोणतीही शस्त्रक्रिया वा गंभीर दुखापत पशुवैद्यकाच्या पत्रासह संघाकडे आधी नोंदवलेली असावी, नाहीतर व्रण आढळल्यास कुत्रे रिंगबाहेर जाईल. शेपटीला गुण देणाऱ्या मानकाबरोबर शेपटी बिघडवण्याचे प्रलोभन येणारच, ही गोष्ट मसुदा लिहितानाच हिशेबात घ्यायला हवी होती.

वेगळे काय करता आले असते

बंदी येणार हे किमान काही वर्षे आधी स्पष्ट होते. त्या काळात स्वेच्छेने काही वेते न छाटता ठेवली असती, किंवा स्वीडनसारख्या देशांतील त्याच जातीच्या ब्रीडरांकडून पूर्ण शेपटीच्या कुत्र्यांची चित्रे व वंशावळी मागवल्या असत्या, तर पहिल्या रिंगमधला गोंधळ आणि त्यातून झालेले निकाल टळले असते. संघाने ती वर्षे बंदीविरुद्ध निवेदने देण्यात घालवली. निवेदने देऊ नयेत असे नाही. पण दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात.

नोंदीही चुकीच्या वयात घेतल्या गेल्या. बरेच ब्रीडर पिल्ले नव्या घरी जाताना, म्हणजे साधारण आठ आठवड्यांची असताना, शेपटीची नोंद करून मोकळे झाले. वाढत्या वयात धारणा बदलते आणि पिल्लाची सरळ शेपटी प्रौढपणी सरळ राहीलच असे नाही. प्रौढ वयातली नोंद मालकाकडून मिळवावी लागते, त्यासाठी विक्रीच्या वेळीच तशी अट घालायला हवी. समितीच्या चित्रीकरणात फक्त मेळाव्याला आणलेली कुत्री आली, घरी राहिलेली आली नाहीत, ही त्या पाहणीची उणीव अहवालात नमूद आहे.

एक प्रश्न अजून अनिर्णित आहे. संघाच्या बऱ्याच ब्रीडरांकडे जुन्या चॅम्पियन नरांचे गोठवलेले वीर्य साठवलेले आहे आणि जनुकीय वैविध्यासाठी ते वापरावे असा आरोग्य समितीचा आग्रह आहे. हे नर छाटलेले होते, त्यांची पूर्ण शेपटी कधी कोणी पाहिलेली नाही, आणि ती कशी असती हे सांगणारी जनुकचाचणी उपलब्ध नाही. अशा नराची निदान पहिली दोन वेते प्रौढ होईपर्यंत त्यांची तीनही अवस्थांतील नोंद संघाकडे देणे सक्तीचे करावे, असा ठराव पशुवैद्यकाने मांडला आहे. ब्रीडरांचा आक्षेप असा की एवढी वाट पाहिली तर साठवलेल्या वीर्याचा उपयोग एका पिढीने मागे पडेल. ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.